स्वित्झर्लंडऐवजी मिशिगन

आमच्या घरात पाच माणसं राहत होती आणि त्यांतल्या फक्त दोघांना जगात कुठेही बिनदिक्कत फिरायची परवानगी होती. ती दोघं अडीच वर्षांची होती. एकाला शी लागलीय हे सांगायला नेहमी उशीर व्हायचा, आणि दुसरीला ते सांगायचं असतं हेच मान्य नव्हतं. पण ईशान आणि ओवी ही माझी जुळी भावंडं जन्मानं अमेरिकन, त्यामुळे त्यांच्याकडे निळे पासपोर्ट होते. आई, बाबा आणि मी, म्हणजे ज्यांना सांडल्याशिवाय वरणभात खाता यायचा असे तिघं, कुठेही जायचं म्हटलं की व्हिसाच्या रांगेत. बाबा याला सिस्टिम म्हणायचे. आई याला जे म्हणायची ते मला इथे लिहिता येणार नाही, कारण ती अजून माझं लिखाण वाचते आणि शुद्धलेखनासकट तपासते.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं ते आमचं घर तळमजल्यावरचं होतं आणि त्यात कधीही शांतता नसायची. डिशवॉशर रेल्वेसारखा घरघरायचा. बाबा कानाला हेडसेट लावून सोफ्याभोवती फेऱ्या घालत भारतातल्या टीमला "नाही नाही, तू टेन्शन नको घेऊ" असं सांगत स्वतः टेन्शन घ्यायचे. जुळ्यांची एक खास भाषा होती. 'नो' आणि 'नको' यांचं मिश्रण करून त्यांनी 'नोको' हा शब्द काढला होता आणि दिवसभर तोच आळीपाळीनं वापरला जायचा. दूध नोको, झोप नोको, पँट तर कायमची नोको. मी तेरा वर्षांची होते. त्या वयात माणसाला स्वतःची खोली आणि थोडा तुच्छतेचा अधिकार मिळायला हवा. मला मिळालं होतं डायपर बदलण्याचं कौशल्य.

आई पुण्यात असताना शाळेत भूगोल शिकवायची. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून ती आम्हालाच शिकवायची. रविवारी मला मराठी, आणि एरवी कुणालाही, कधीही, भूगोल. जुळ्यांना वरण भरवताना ती भाताचा डोंगर करायची आणि त्यावरून तूप सोडून म्हणायची, "ही बघा हिमनदी निघाली खाली." ती हिमनदी ओवी एका हातानं साफ करायची. आईनं कित्येक वर्षं पुस्तकातल्या चित्रावरून मुलांना आल्प्स शिकवला होता आणि खरी हिमनदी कधीच पाहिली नव्हती. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी तिला स्वित्झर्लंडला न्यायचं कबूल केलं होतं. मग मी झाले, मग अमेरिका झाली, मग अगदी कुणाला काही सुचायच्या आत जुळी झाली. त्या वर्षी आमच्या ओळखीचे देवधर काका-काकू उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला निघाले आणि आईनं जाहीर केलं की आपणही त्यांच्याबरोबर जायचं. जाहीर करून ती थांबली नाही. तिनं पुऱ्यांचं पीठ कुठलं न्यायचं इथपर्यंत ठरवलं. मीही शाळेत सांगून मोकळी झाले.

मग देवधर काका एका शनिवारी जेवायला आले आणि त्यांनी आमच्या टीव्हीवर तिथल्या केबल कारचा व्हिडिओ लावला. काचेची डबी तारेवर लटकत दरीवरून चालली होती. आई उठून टीव्हीजवळ गेली. बाबा उठून भांडी घासायला गेले. भांडी डिशवॉशरमध्ये लावतात, घासत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. पण आमच्यातल्या कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. नवरा भांडी घासतोय म्हटल्यावर काकूंनी उलट आईचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर बाबांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आम्हाला प्रेझेंटेशन दिलं. पहिल्या स्लाइडवर तोंड वासून रडणारं एक परकं बाळ होतं.

"हे काय?" आईनं विचारलं.

"टॉडलर्स आणि इंटरनॅशनल ट्रॅव्हल," बाबा म्हणाले. ते नागपूरचे. घाबरले की त्यांची मराठी अगदी सीताबर्डीला जाऊन पोहोचते. "तू फक्त ऐकून घे. मी डेटाच सांगून राहिलो."

डेटा असा होता की विमानात मुलांचे कान दुखतात, झोप मोडते, पोट बिघडतं, आणि मग संपूर्ण युरोपभर आपण मुलांच्या मागे वाइप्स घेऊन धावतो. शेवटच्या स्लाइडवर एका लाकडी केबिनचा फोटो होता, मागे निळं पाणी. मिशिगन. गाडीनं जायचं, हवं तिथे थांबायचं, हवं तेव्हा शी. मुलं मोठी झाली की बघू स्वित्झर्लंड.

"इट्स नॉट इव्हन अ व्हेकेशन, बाबा," मी म्हणाले. "इट्स अ स्टेट."

"तू मध्ये बोलू नको."

आईनं बराच वेळ त्या फोटोकडे पाहिलं. ती एरवी बाबांना "अरे सुहास" म्हणायची. "अहो" म्हटलं की आम्ही सावध व्हायचो. ती म्हणाली, "अहो, तुमचं आधीच ठरलंय. विचारताय कशाला?" आणि उठून आत गेली. तेवढ्यात ईशाननं पँट काढून सोफ्यावर ठेवली आणि बाबांच्या मुद्द्याला जिवंत पुरावा दिला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकल्यासारखी झाली. जुळ्यांनी दूध सांडलं की आधी ती ओरडायची किंवा हसायची, आता काही न बोलता पुसायची. देवधर काकूंचा फोन आला की म्हणायची, "अहो, आमची दोघं आहेत ना, कुठे निघता येतंय." मी ते ऐकलं की मला त्या दोघांचा फार राग यायचा. एकदा मी ओवीला सरळ सांगितलं की तुझ्यामुळे आपण मिशिगनला चाललोय. ती म्हणाली, "नोको." मी म्हटलं, तेच.

निघायच्या दिवशी मात्र आईनं पहाटे उठून तिखट-मिठाच्या पुऱ्या तळल्या, दहीभात कालवून डब्यात भरला आणि लसणाची चटणी इतक्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये गुंडाळली की तिचा वास फक्त गाडीतच राहावा. तो तसा राहिलाही, गाडी विकेपर्यंत. मागे दोन कार सीट आणि मधोमध आई, पुढे मी, हातात बाबांचा फोन, कारण फोनमधली बाई जे सांगायची ते बाबांना दुसऱ्या कुणीतरी पुन्हा सांगायला लागायचं. इंडियाना ओलांडेपर्यंत जुळी किंचाळत होती. मिशिगन लागल्यावर त्यांनी पुऱ्यांचे तुकडे करून एकमेकांच्या केसांत घातले. मग अचानक झोपली. गाडीत इतकी शांतता झाली की बाबा हळूच म्हणाले, "बघ, जमलं ना?" आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर झाडं होती. मिशिगनमध्ये झाडं फार आहेत, एवढंच मी तोपर्यंत त्या राज्याबद्दल सांगू शकले असते.

राज्याच्या अगदी टोकाला जमीन संपते आणि दोन महाकाय तळी एकमेकांना भेटतात. तिथून पलीकडच्या जमिनीवर जायला मॅकिनॉचा पूल आहे. मैलोन् मैल लांब, मधे उंच चढलेला, तारांना लटकलेला. भर दुपारच्या उन्हात तो दुरून दिसला तेव्हा मीसुद्धा फोन खाली ठेवला. फोनमधली बाई म्हणाली, सरळ जा. बाबांनी गाडी उजवीकडे घेतली. ती म्हणाली, वळून पुन्हा सरळ जा. बाबांनी गाडी एका मिठाईच्या दुकानासमोर उभी केली, उतरले आणि टायर बघू लागले. त्या गावात सगळीकडे फज, म्हणजे चॉकलेटची मऊ बर्फी, विकतात. सगळ्या रस्त्याला तापलेल्या चॉकलेटचा वास होता.

आई खाली उतरली. मी काच खाली केली.

"पंक्चर आहे?"

"नाही. टायर ठीक आहे."

"मग चल ना. पोरं उठतील."

"अगं, केबिन या बाजूला नाहीये," बाबा टायरला म्हणाले. "वेबसाइटवर लिहिलं होतं, पुलाजवळ. मला वाटलं, अलीकडे असेल."

"मग पलीकडे जाऊ. पूल कशाला बांधलाय?"

बाबा उठले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "असं करू," ते म्हणाले, "इथून मागे फिरायचं. शिकागोला खाली जायचं, मग विस्कॉन्सिनमधून वर. तळ्याला वळसा घालून त्या बाजूनं येऊ. सीनिक रूट आहे."

"सुहास, आपण शिकागोहूनच आलोय."

"हो, पण..."

"उद्या दुपारपर्यंत पोचू आपण अशानं!"

मग बाबा फुटपाथवर बसले. माझे बाबा, जे मला पार्किंगमध्येसुद्धा सीटबेल्ट लावायला लावायचे आणि आईला गाडी शिकवताना 'ब्रेक, ब्रेक' करत डॅशबोर्ड धरून बसायचे, ते भर रस्त्यात दोन्ही गुडघ्यांमध्ये डोकं घालून बसले आणि म्हणाले, "मला नाही जमणार. उंचावर माझे हातपाय गार पडतात. लहानपणापासून. मी त्या पुलावर गाडी नाही चालवू शकत."

मिठाईच्या दुकानातल्या एक आजीबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांना मराठीचा शब्द कळला नव्हता, पण गुडघ्यांत डोकं घातलेला माणूस तिथे नवा नसावा. त्यांनी पाण्याची बाटली आणून दिली आणि सांगितलं की पुलाच्या लोकांना फोन करा, ते माणूस पाठवतात, तो तुमची गाडी पलीकडे नेऊन देतो. ट्रकवालेसुद्धा बोलावतात, लाजायचं काही नाही. बाबांनी मान वर केली. चेहऱ्यावर जीव आला. त्यांनी माझ्याकडे फोन मागितला.

"तो बसणार कुठे?" आई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. पाच सीट, पाच माणसं. त्यांतली दोन अशी की त्यांची सीट गाडीला बांधलेली आणि ती सीटला बांधलेली.

"मी थांबतो इथे," बाबा म्हणाले.

"किती दिवस?"

आजीबाईंनीही सीट मोजल्या आणि मदत म्हणून म्हणाल्या की मला दत्तक घ्यायला त्यांची हरकत नाही. विनोद होता. मला तो तेव्हा बराच सोयीचा वाटला.

आई काही क्षण पुलाकडे बघत राहिली. तिला लायसन्स मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि तेही दोनदा नापास होऊन. लायब्ररी आणि वाण्याचं दुकान यापलीकडे तिनं गाडी नेली नव्हती. हायवेवर तर कधीच नाही. डावीकडे वळायला नको म्हणून ती तीन वेळा उजवीकडे वळायची. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तिनं हात पुढे करून "किल्ली" म्हटलं तेव्हा मला वाटलं, गाडीतून काहीतरी काढायचं असेल.

"अगं, तू?" बाबा म्हणाले.

"अहो," आई म्हणाली, "मागे बसा."

बाबा मागे, दोन कार सीटच्या मधे बसले. ती जागा आईच्या मापाची होती. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. आईनं सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, पुन्हा एकदा नीट केले, आणि आम्ही निघालो. सुरुवातीला रस्ता रस्त्यासारखाच होता. मग जमीन खालून निघून गेली आणि दोन्हीकडे फक्त पाणी राहिलं. त्यातच बाहेरच्या लेनची दुरुस्ती चालू होती, त्यामुळे सगळ्यांना आतल्या लेनमध्ये ढकललं, आणि ती आतली लेन लोखंडी जाळीची आहे. रस्ताच जाळीचा. खाली बघितलं तर आरपार पाणी. टायर जाळीवर चढताच प्रचंड घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, आणि मागे दोन्ही टॉडलर्स एकाच वेळी जागी झाली.

ती रडतील म्हणून मी कान बंद करणार होते. पण ईशाननं जरा ऐकलं आणि त्यानंही सूर लावला. घूंऽऽ. मग ओवीनं. त्या दोघांनी पुलाशी इतका तंतोतंत स्वर जुळवला की संगीताच्या क्लासला पाठवायचा विचार आईनं पुढे वर्षभर सोडला नाही. आईचे खांदे कानांपर्यंत आले होते. ती पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं काही म्हणतेय. कान दिला तर ती म्हणत होती, "हिमनदीच्या संचयन कार्यामुळे तयार होणारी भूरूपे..." आणि पुढे एकेक भूरूप, वर्गात म्हणतात तसं, सुरात. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. "वाजव बाबा, वाजव," आई म्हणाली आणि आणखी हळू केली. बाबांनी डोळे गच्च मिटले होते. ओवीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, आपल्या तोंडातला नाश्त्याच्या सिरियलचा ओला दाणा काढला आणि त्यांच्या ओठांवर दाबला. बाबांनी तो खाल्ला. त्या पुलावर बाबांनी काहीही खाल्लं असतं.

पलीकडे टोलच्या खिडकीपासून आईनं गाडी इतकी लांब थांबवली की तिला दार उघडून अर्धं बाहेर लोंबकळावं लागलं. मग पाण्याकाठी एक पार्किंग होतं, तिथे तिनं दोन जागा अडवून गाडी लावली, उतरली आणि गवतावर बसली. मी तिला पुरी दिली. ती खाता खाता थांबली.

"सुहास, आपण अमेरिकेत येताना विमानात तू सलग झोपला होतास."

"गोळी घेतली होती," बाबा म्हणाले.

"मी सगळ्यांना सांगते, माझा नवरा विमानात बसला रे बसला की घोरतो."

बाबा गवताची काडी उपटू लागले.

"म्हणजे मुलांमुळे नव्हतं," आई म्हणाली. "ती केबल कार बघून तू उठलास."

मी आजवर आईला अनेकदा चिडलेलं पाहिलंय, पण तिचा चेहरा इतका शांत पुन्हा पाहिला नाही. ती म्हणाली, "भीती वाटते असं सांगितलं असतंस तर आपण दुसरं काही केलं असतं. मी हसले असते, एक दिवस चिडवलं असतं. तू पोरांना पुढे केलंस. मी इतके दिवस या दोघांकडे बघून मनात काय काय म्हणत होते, तुला माहितेय? स्वतःच्या पोरांना?" आणि मग तिला रडू आलं. ईशान तिच्या मांडीवर जाऊन बसला, पँट न घालता, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

पुढचे दोन दिवस ती बाबांशी माझ्यामार्फत बोलली. "बाबांना सांग, पिठलं झालंय." बाबा समोरच बसलेले असायचे. केबिन चांगली होती. पाणी इतकं थंड की ओवीनं पाय घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध मराठीत "नको" म्हणाली. तिथल्या गॅसवर आईनं पिठलं-भात केला, बाबांनी आपण होऊन रोज सकाळी पोहे केले, वर नागपुरी झणझणीत तर्री, जी कुणी मागितली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही पोरांना उचललं आणि म्हणाले, "मी सांभाळतो यांना. तुम्ही दोघी जा कुठे जायचं तिथे." आई मला म्हणाली, "बाबांना विचार, दिवसभर?" बाबा म्हणाले, "हो, दिवसभर." मग त्यांनी मलाच विचारलं, "वाइप्स कुठे आहेत?"

आम्ही दोघी निघालो. कुठे जायचं ठरलं नव्हतं. आई झाडीतून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत राहिली, खांदे हळूहळू खाली आले. एका ठिकाणी तळ्याकाठी उंच, रेघा पडलेले दगड होते. आईनं गाडी थांबवली, उतरून त्या रेघांवरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. ही सगळी तळी हिमनद्यांनी खणलेली, ती म्हणाली. बर्फ वितळून गेला, हे ओरखडे राहिले. एरवी मी जांभई दिली असती. त्या दिवशी मी विचारलं, "मग बर्फ किती जाड होता?" तिनं वर बघितलं, आणि मीही बघितलं. परतलो तेव्हा बाबा पायरीवर बसले होते, शर्टावर केळं, डोक्यात वाळू, दोन्ही पोरं अंगावर झोपलेली. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि थेट त्यांनाच म्हणाली, "अरे, जेवलास का?"

पुढे आई स्वित्झर्लंडला गेली, बऱ्याच वर्षांनी, माझ्याबरोबर. बाबांनी आम्हाला विमानतळावर सोडलं आणि निघताना केबल कारच्या दरवाज्यांबद्दल दहा सूचना दिल्या. तेव्हा हिमनदी आईला पुस्तकातल्यापेक्षा मळकी वाटली. तो प्रवास सुरेख झाला, पण सांगण्यासारखं त्यात फारसं काही नाही. मी आज तेव्हाच्या आईच्या वयाची आहे, आणि कुणी मला विचारलं की तू लहानपणी कुठे कुठे फिरलीस, तर माझ्या तोंडून पहिल्यांदा मिशिगनच निघतं. लोक विषय बदलतात.

परत निघालो त्या दिवशी किल्ली आईकडेच होती. बाबांनी मागितली नाही. ते मागे जायला लागले तर आई म्हणाली, "पुढे बस." मी मागे जुळ्यांच्या मधे कोंबली गेले. वारा होता, पूल किंचित हलतो असं मला वाटलं, पण मी ते बोलले नाही. जाळी लागली, घूंऽऽ सुरू झालं. बाबांनी डोळे मिटले. तेवढ्यात ईशानला खाली एक मोठं जहाज दिसलं.

"बाबा, बोट!"

"हो बाळा."

"बाबा, बोट! बाबा, बघ! बोट, बाबा!" तो सीटवर लाथा मारू लागला. ओवी त्यात सामील झाली. दोघं मिळून ओरडत होती, आणि बघितल्याशिवाय ती थांबणार नव्हती, हे त्या घरात प्रत्येकाला माहीत होतं. मी मागून पाहिलं. बाबांनी एका हातानं दाराची कडी धरली होती. त्यांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. जहाज खालून चाललं होतं, मागे पांढरी रेघ.

"किती निळं आहे गं," बाबा म्हणाले.

"माझ्याशी बोलू नकोस," आई म्हणाली. "मला समोर बघू दे. त्यांच्याशी बोल."

मग बाबा हळूहळू मागे वळले आणि ईशानला म्हणाले, "दिसली रे बोट."